हाडांकडे ओढ घेणारे मूलद्रव्य

१/ कर्करोग हाडांत पसरला की पुष्कळदा रोगाहूनही वेदना असह्य होते. प्रोस्टेट आणि स्तनाच्या कर्करोगात हे विशेषत्वाने घडते. ही वेदना शमवण्यासाठी किरणोत्सारी औषध शिरेतून देण्याच्या उपचाराला ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यातील सुमारे तीन दशके मात्र विस्मृतीची आहेत. त्याविषयी हा धागा.

२/ आरंभ कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमुळे १९३०च्या दशकात कृत्रिम किरणोत्सारी समस्थानिके हाती येऊ लागली. त्यांचे बंधू डॉ. जॉन लॉरेन्स यांनी १९३६ मध्ये रक्ताच्या कर्करोगावर फॉस्फरस-३२ वापरून पाहिले.

३/ याच प्रयोगशाळेत चार्ल्स पेशेर हे तरुण बेल्जियन संशोधक काम करीत होते. आवर्तसारणीत स्ट्रॉन्शियमचे स्थान कॅल्शियमच्या थेट खाली आहे. त्यामुळे हाडे त्याला कॅल्शियमसारखेच सामावून घेतात. कर्करोगामुळे जेथे हाड नव्याने घडत असते, तेथे ही ओढ अधिक. हे ध्यानी घेऊन पेशेर यांनी स्ट्रॉन्शियम-८९ चा रुग्णांवर प्राथमिक वापर केला.

४/ ऑगस्ट १९४१ मध्ये, तिशीही न गाठता, पेशेर यांचा मृत्यू झाला. त्यांचा अहवाल १९४२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. तोवर अमेरिका युद्धात उतरली होती. युरेनियमच्या विखंडनातून स्ट्रॉन्शियमची समस्थानिके निर्माण होतात; साहजिकच त्यांचा अभ्यास अणुबाँब प्रकल्पाच्या गुप्ततेआड गेला.

५/ १९५०च्या दशकात स्ट्रॉन्शियम हे नाव घरोघरी पोहोचले, ते भीतीच्या रूपाने. अणुचाचण्यांच्या धुळीतील स्ट्रॉन्शियम-९० गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत उतरत होते. सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासणीसाठी गोळा केले गेले. ज्या गुणामुळे ते औषध ठरले होते, त्याच गुणामुळे त्याचे भावंड विष ठरले.

६/ १९७०च्या दशकात पश्चिम जर्मनीतील वैद्यांनी स्ट्रॉन्शियम-८९ पुन्हा वापरात आणले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९९३ मध्ये. समेरियम-१५३ ला १९९७ मध्ये.

७/ या औषधांतील बीटा कण ऊतींत काही मिलिमीटरच जातात. म्हणून मारा मुख्यतः दुखऱ्या जागी होतो. आराम पडण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. काहींची वेदना आधी वाढते, रक्तपेशींची संख्या घटते. यातून रोग बरा होत नाही. २०१३ मध्ये मान्य झालेल्या रेडियम-२२३ ने प्रोस्टेट कर्करोगात आयुष्यही किंचित वाढवले : चाचणीत मध्यक ११.३ वरून १४.९ महिने.

८/ या कथेत मुंबईलाही स्थान आहे. समेरियम-१५३ चे अर्धायुष्य जेमतेम ४६ तास. अणुभट्टी जवळ नसेल तर औषध वाटेतच क्षीण होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने समेरियमबरोबरच ल्युटेशियम-१७७ वर आधारित औषधही विकसित केले. त्याचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे अधिक असल्याने ते दूरच्या शहरांतही पोहोचू शकते.

९/ वैद्यकाचा इतिहास बहुधा वाचलेल्या जिवांच्या संख्येने लिहिला जातो. वेदनेविना गेलेल्या रात्री त्या तक्त्यात मावत नाहीत. पेशेर यांचे काम इतका काळ दुर्लक्षित राहण्यामागे युद्ध होते, भीती होती. आणि बरे न होणाऱ्या रुग्णाच्या सुखाला दिलेले दुय्यम स्थानही असावे, असे मला वाटते.