जनुकीय भेदभाव : कायदेशीर संरक्षण

जनुकीय चाचणीचा निष्कर्ष किंवा घराण्यातील आजारांचा इतिहास पाहून एखाद्याला नोकरी, परवाना किंवा विमा नाकारण्यास प्रतिबंध करणाऱ्या तरतुदी. लक्षणे नसलेल्या माणसाला केवळ संभाव्य आजारापायी वगळले जाऊ नये, हा त्यांचा हेतू.

पूर्वपीठिका : 1970 च्या दशकात अमेरिकेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या सामूहिक चाचण्या झाल्या. वाहक म्हणजे एकच सदोष जनुक असलेली, सहसा निरोगी राहणारी व्यक्ती. तिलाही रुग्ण ठरवले गेले. त्या देशाच्या हवाई दलाच्या अकादमीने 1981 पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नाही. या प्रश्नावर कायदा करण्यात नॉर्थ कॅरोलायना (1975) हे राज्य अग्रेसर होते.

नोकरी : बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे या रेल्वे कंपनीने मनगटदुखीची तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांची जनुकीय चाचणी त्यांच्या नकळत केली. 2001 मध्ये खटला झाला आणि पुढील वर्षी 22 लाख डॉलरवर तडजोड झाली. 21 मे 2008 रोजी जनुकीय माहितीवरून भेदभावास मनाई करणाऱ्या ‘जीना’ या अमेरिकी संघीय कायद्यावर स्वाक्षरी झाली. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरोधात एकच मत पडले. 15 पेक्षा कमी कर्मचारी असलेले मालक आणि सैन्यदल यांना तो लागू नाही.

परवाने : कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये संरक्षणाची व्याप्ती परवाने, घरे व गृहकर्जापर्यंत नेली.

विमा : खरा वाद येथे आहे. ‘जीना’त आरोग्यविमा येतो, आयुर्विमा व अपंगत्व-विमा येत नाहीत. कॅनडाचा 2017 चा जनुकीय भेदभावविरोधी कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयात 2020 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी टिकला. ब्रिटनमध्ये शासन आणि विमाकंपन्या यांच्यातील संहितेवर काम चालते. तीनुसार फक्त पाच लाख पौंडांवरील आयुर्विम्यासाठी हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराच्या भाकीत-चाचणीचा निष्कर्ष मागता येतो.

भारत : दिल्ली उच्च न्यायालयाचा 26 फेब्रुवारी 2018 चा निकाल (न्या. प्रतिभा सिंह) महत्त्वाचा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असलेल्या एका विमेदाराचा दावा ‘जनुकीय विकार वगळून’ या कलमावर बोट ठेवून फेटाळण्यात आला होता. न्यायालयाने हे कलम अतिव्यापक, संदिग्ध आणि संविधानाच्या अनुच्छेद 14 शी विसंगत ठरवले, आणि आरोग्याचा हक्क अनुच्छेद 21 शी जोडला. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांतही जनुकांचा वाटा असतो. तेव्हा कलम शब्दशः लावले तर विम्यात फारसे काही उरतच नाही. मार्च 2018 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने या सबबीवर दावे न फेटाळण्याचे निर्देश कंपन्यांना दिले. निकालातील व्यापक भागाला मात्र त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे आजार समाविष्ट आहेत. त्याचा लाभ रुग्णांना होतो. वाहकाला दिव्यांग म्हणता येत नाही. सिकलसेलचे प्रमाण जास्त असलेल्या विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ही त्रुटी विशेष जाणवणारी आहे. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी अपेक्षित असून त्यातून वाहकांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर तयार होतील. जनुकीय भेदभावाला प्रतिबंध करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही.