सावध झोपेचे शास्त्र

हात उचलला की मनगटावरचे घड्याळ उजळते आणि खाली घेतला की विझते. त्यामागच्या गतिसंवेदकाकडे, म्हणजे रोजच्या भाषेतल्या मोशन सेन्सरकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १९९० च्या दशकात सिलिकॉनचे त्वरणमापी मोटारींच्या एअरबॅगसाठी वापरात आले, तेव्हा गाडीची भलीमोठी बॅटरी दिमतीला होती. पुढे बटन सेलवर वर्षानुवर्षे चालायची वेळ आली आणि प्रश्नच बदलला. त्याची जी उत्तरे निघाली, ती अभियांत्रिकीतल्या काटकसरीचा फार देखणा नमुना आहेत, असे मला वाटते.

चिपच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याला फणीसारखे दाते असतात आणि त्यांच्या मधोमध स्थिर दाते. तुकडा सरकला की दात्यांमधले अंतर बदलते, त्याबरोबर विद्युतधारिताही बदलते. तुकडा हलवायला वीज लागत नाही. लागते ती बदल वाचायला. (गायरोस्कोपचा तुकडा मात्र सतत कंपत ठेवावा लागतो, म्हणून तो खर्चिक.) तेव्हा वाचन विरळ केले की खर्च घटतो. अॅनालॉग डिव्हायसेसचा एडीएक्सएल३६२ हा त्वरणमापी सेकंदाला १०० वेळा मोजताना सुमारे १.८ मायक्रोअँपिअर घेतो. सेकंदाला सहाएक वेळाच डोकावून नुसता पहारा देताना त्याला ०.२७ पुरतात. मुख्य प्रोसेसर तोवर गाढ झोपेत असतो. हालचाल ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की इंटरप्टच्या तारेवरून सेन्सर त्याला उठवतो.

सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. त्यांना पहाऱ्यातल्या ०.२७ मायक्रोअँपिअरने भागलेत तर ९० वर्षांहून अधिक आयुष्य निघेल! तोवर सेल आपसूकच संपलेला असेल, ही गोष्ट वेगळी. म्हणून वाचकांनी डेटाशीटच्या पहिल्या पानावर भाळू नये. तो आकडा किती व्होल्टला आणि सेकंदाला किती मोजण्यांना दिला आहे, ते आधी पाहावे. मग नजर उरलेल्या सर्किटकडे वळवावी. इंटरप्टच्या तारेवर १० किलोओहमचा पुल-अप रोधक असेल आणि ती तार शून्यावर अडकून राहिली, तर ३ व्होल्टला ३०० मायक्रोअँपिअर वाया जातात. पहारा देणाऱ्या सेन्सरच्या हजारपटीहून जास्त!

जिन्यातल्या दिव्यांचे पीआयआर सेन्सरही हालचालच ओळखतात, पण ते वेगळ्या जातीचे. ते अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल टिपतात. त्यामुळे मे महिन्यात नागपुरातल्या भिंती अंगाइतक्या तापल्या, की त्यांना माणूस नीट दिसेनासा होतो.

या विषयात शिरताना तुम्ही एक छोटे सर्किट जोडून बसलात तर उत्तम. फक्त साधा मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर लावून प्रोसेसर जागा करू नका. मीटरच्या स्वतःच्या रोधामुळे व्होल्टेज कोसळते आणि उपकरण रिसेट होत राहते. झोपेतला प्रवाह आणि जागेपणीचा प्रवाह वेगवेगळे मोजावेत, आणि जागेपणीचा लहान रोधकावर ऑसिलोस्कोप लावून पाहावा.