हँडहेल्ड गेम कन्सोलमधील आयसींची ओळख

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या बोर्डवरील प्रत्येक आयसी कोणाची आणि ती कोणते काम करते, हे ठरवण्याची पद्धत. दुरुस्ती, जुन्या यंत्रांचे जतन आणि इम्युलेटर लिहिणे या तिन्ही कामांची सुरुवात येथूनच होते.

आयसीच्या पाठीवर सहसा उत्पादकाचे चिन्ह, पार्ट नंबर आणि तारखेचा कोड असतो. चार आकडी कोडात बहुधा आधी वर्ष, मग आठवडा येतो. १६४२ म्हणजे २०१६ चा ४२ वा आठवडा. आद्याक्षरांवरून कंपनी कळते, पण कंपनी विकली गेली तरी अक्षरे टिकतात. बीक्यू ही अक्षरे बेंचमार्क कंपनीची. ती युनिट्रोडमार्गे १९९९ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली.

खरी अडचण मुख्य आयसीची. तिच्यावर कन्सोलसाठीचा खास क्रमांक असतो आणि त्याची डेटाशीट बाजारात मिळत नाही. निन्टेन्डोच्या गेम बॉयमध्ये (१९८९) तिच्यावर डीएमजी-सीपीयू असे छापलेले असते. आत शार्पचा ८ बिट प्रोसेसर, चित्र व ध्वनीची सर्किटे आणि २५६ बाइटचा बूट रॉम एकत्र आहेत. हा रॉम बाहेरून वाचता येत नव्हता. २००३ मध्ये आयसीचे आवरण उतरवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बिट पाहून तो वाचला गेला. निन्टेन्डो स्विचच्या (२०१७) पहिल्या आवृत्तीतील ओडीएनएक्स०२-ए२ ही मुळात एनव्हिडियाची टेग्रा एक्स१.

अक्षरे मुकी असतील तेथे जोडण्यांवर भिस्त ठेवावी. ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल बहुधा घड्याळाचा. मुख्य आयसीला खेटून असलेल्या सारख्या दोन आयसी बहुधा रॅम. गेम बॉयमध्ये त्या ८ किलोबाइटच्या आहेत, एक कामाची, एक चित्राची. शेजारी कॉइल असेल तर वीजपुरवठ्याची आयसी. स्विचमध्ये यूएसबी-सीकडून येणारी वीज एम९२टी३६ सांभाळते आणि बॅटरी बीक्यू२४१९३ चार्ज करते. म्हणून स्विच चार्ज होत नसेल तर बॅटरी बदलण्याआधी या दोन आयसी तपासाव्यात.

जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त ब्रिक गेममध्ये वाचायला काहीच नसते. सिलिकॉनचा तुकडा थेट बोर्डवर चिकटवून त्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकलेला असतो. तेथे थेंबाखालून निघणाऱ्या ट्रेस कोठे जातात, हेच पाहावे लागते.

बदली आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरांसह सांगावा. बीक्यू२४१९३ पुढील आरजीई ही अक्षरे २४ पिनांचे पॅकेज दर्शवतात. जुनी आयसी काढण्याआधी बोर्डच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्यावेत आणि पहिल्या पिनेचा ठिपका टिपून ठेवावा. वरून पाहताना पिना तेथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात.