टळलेल्या अपघाताची किंमत

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघाले. धावपट्टी संपली तरी त्याला पुरेशी उंची मिळाली नव्हती. पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्यावर आदळला, पुढे विजेच्या उच्चदाब तारांना अडकून ते कोसळले. ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. ट्रक अचानक आडवा आला, असे मानणे सोपे आहे. पण ट्रक त्या रस्त्यावर नवा नव्हता. आजवर काही घडले नाही म्हणजे धोका नाही, या समजुतीने ते बळी घेतले.

मराठवाड्याचा माल रस्त्याने जातो, ही गोष्ट धावपट्टीपेक्षा फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोचच्या बंदरापर्यंत जात असल्याची नोंद आहे. त्यात तेरचे सुती कापडही होते. अशा मुलखात धावपट्टी नंतर आली. तेव्हा येत्या-जात्या गाड्यांपासून विमान जपण्याची जबाबदारीही विमानतळ चालवणाऱ्यांवरच येते.

यावर आक्षेप असा, की वैमानिकाने वेळेवर नाक उचलले असते तर विमान ट्रकच्या बरेच वरून गेले असते. ते खरेच आहे. चौकशीतही विमान उचलायला झालेला उशीर आणि उचलण्याची चुकीची पद्धत ही कारणे नोंदली गेली. पण त्याच चौकशीने उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा दोष राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणालाही दिला. माणूस क्षणभर चुकणार, हे गृहीत धरूनच रेल्वेच्या रुळांवर फाटक असते. इंजिनचालक कुशल आहे म्हणून ते कुणी काढत नाही.

असा धोका अपघाताआधीच दाखवून देणाऱ्या निसटत्या प्रसंगाची किंमत अमेरिकेला १९७४ मध्ये कळली. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरू पाहणारे ‘टीडब्ल्यूए’चे विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे विमान तशाच प्रसंगातून तिथेच थोडक्यात वाचले होते, पण तो इशारा त्या कंपनीबाहेर पोहोचला नाही. म्हणून १९७६ मध्ये ‘नासा’कडे अशा निसटत्या प्रसंगांच्या गोपनीय नोंदीची व्यवस्था आली. अशा नोंदींनी प्रवासी घाबरतील, कर्मचारी शिक्षेच्या भीतीने गप्प बसतील, ही शंका रास्त आहे. गोपनीयता तिच्यासाठीच आहे. आज आंतरराष्ट्रीय नियमांत दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळणे हीसुद्धा गंभीर घटना मानून तिची चौकशी होते. हाच न्याय धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या रस्त्यालाही लागू व्हायला हवा. जीव गेल्यावर होणाऱ्या चौकशीइतकीच तातडी जीव वाचल्यावरही दाखवली, तरच चिकलठाण्याच्या ५५ मृत्यूंपासून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.