आकाशातला फिटर



पहिल्या महायुद्धातील वैमानिकांच्या कथा लिहिणारांनी असा देखावा उभा केला, की पूर्वी घोड्यावर होणारे सरदारांचे द्वंद्व आता ढगांत होऊ लागले. पण त्या घोड्याला खरारा कोण करीत होता? आज मला त्या मोतद्दाराविषयी बोलावयाचे आहे.

जेम्स मॅककडन हा इंग्लंडातील एका साध्या फौजी हुद्देदाराचा मुलगा. १९१० साली, पंधराव्या वर्षी, तो सैन्यात बिगुलवाला म्हणून लागला. १९१३ साली विमानदलात मेकॅनिक झाला. १९१४ च्या ऑगस्टात तो फ्रान्सला गेला तो इंजिने खोलणारा आणि जोडणारा म्हणून. १९१६ साली वैमानिक आणि १९१७ च्या आरंभी अधिकारी झाला.

त्या काळचे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. ऐन लढाईत बंदूक अडली की जिवाशी गाठ. बलूनमधील निरीक्षकांना हवाई छत्री मिळे. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ती दिली जात नव्हती. म्हणून खालच्या शेडमध्ये आवळलेला प्रत्येक नट हाच त्यांचा आधार.

मॅककडनला हे ठाऊक होते. अधिकारी झाला तरी त्याने पाना खाली ठेवला नाही. आपल्या एस. ई. ५ ए विमानाच्या बंदुका तो स्वतः तपाशी. इंजिनात जादा दाबाचे पिस्टन बसविल्यावर ते विमान अधिक उंच जाऊ लागले, आणि २०,००० फुटांच्या आसपास निर्धास्त छायाचित्रे घेणारी जर्मन टेहळणी विमाने त्याच्या टप्प्यात आली. त्याच्या नावावर ५७ विजय लागले. १९१८ साली त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

९ जुलै १९१८ रोजी नव्या पथकाची सूत्रे हाती घेण्यास जात असता, उड्डाण करताच त्याचे विमान कोसळले. शत्रू जवळपास नव्हता. वय अवघे तेवीस. त्याचे दोन भाऊ त्याच्या आधीच विमानातच गेले होते.

कामगारांत वावरताना मी एक रीत नेहमी पाहिली: यंत्र चालले की नाव साहेबाचे, अडले की फिटरचे. मॅककडनचे नाव राहिले, कारण तो वर गेला. त्याचे शेडमधले सोबती खालीच राहिले. त्या ५७ विजयांत त्यांचाही वाटा आहे. तेवढा आज आपण मोजू या.