न फिटलेली शंका

काशीत देह ठेवणाऱ्याच्या कानात शिव स्वतः तारकमंत्र सांगतो, आणि मग तो पापी असो की पुण्यवान, सुटतो, ही त्या नगरीची जुनी श्रद्धा. पापांचे काय, असा प्रश्न कुणी काढलाच तर त्यालाही उत्तर आहे. जन्मोजन्मी भोगायचे ते सगळे कालभैरव भैरवी यातनेत क्षणभरात भोगवून घेतो. म्हणजे हिशेबही चुकत नाही आणि सुटकाही अडत नाही. या भरवशावर शेकडो वर्षे मराठी माणसे काशीवासाला गेली, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या आसपास वस्ती करून राहिली. एकनाथांनी भागवत इथेच 1573 मध्ये पूर्ण केले. गागाभट्टांचे घराणे इथलेच. पेशवाईच्या अखेरीस अमृतराव आणि चिमाजीअप्पा इथे येऊन राहिले, आणि मोरोपंत तांब्यांची मनू, पुढे झाशीची राणी झालेली, जन्मली तीही इथेच.

याच वस्तीतल्या एका चित्पावन शास्त्र्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कृपेचा प्रश्न नव्याने उकरून काढला. नीळकंठ शिवराम गोरे हे त्याचे नाव. मराठी वाचकाला ते फारसे ठाऊक नाही, हे आपल्या इतिहासलेखनाचे मोठे उणे आहे.

गोऱ्यांचा जन्म 1825 चा, झाशीकडच्या काशीपुरा गावातला. आजोबा बांद्याच्या नवाबाच्या पदरी कारभारी होते. म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशाची चाकरी. पुढे कुटुंब काशीत स्थिरावले. घरात पैसा होता, दानधर्म होता, आणि मुलाला पोटासाठी काही करण्याची सक्ती नव्हती. व्याकरण, न्याय, वेदान्त असा पारंपरिक अभ्यास त्यांनी केला. इंग्रजी शाळेचे वारे त्यांना लागले नव्हते. ही बाब ध्यानात ठेवायला हवी, कारण कलकत्त्यात किंवा मुंबईत त्या काळी जी तरुण मुले ख्रिस्ती झाली त्यांतली बरीच इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने गेली. गोऱ्यांची वाट संस्कृतातून गेली.

ती वाट एका इंग्रजानेच तयार केली होती. जॉन म्यूर हा कंपनी सरकारचा अधिकारी, संस्कृतचा व्यासंगी. त्याने 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपात ख्रिस्ती मत खरे असल्याचे त्यात मांडले होते. पंडितांच्या भाषेत आणि पंडितांच्या रीतीने केलेला हा पूर्वपक्ष. त्याला तीन उत्तरे आली. पहिले ‘सोमनाथ’ या टोपणनावाने, जे मध्य हिंदुस्थानातले मराठी ज्योतिषी सुबाजी बापू यांचे मानले जाते. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे. आणि तिसरे, 1844-45 मधले ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, काशीच्या नीळकंठ गोऱ्यांचे. तेव्हा ते जेमतेम विशीचे होते.

या तिसऱ्या ग्रंथापाशी जरा थांबले पाहिजे. ख्रिस्ती धर्माला शिवीगाळ करणे सोपे होते. गोऱ्यांनी तसे केले नाही. त्यांनी नेमके तिथे बोट ठेवले जिथे कृपेचा सिद्धान्त दुखतो. देव न्यायी आणि दयाळू आहे, आणि पूर्वजन्म नाही, असे म्हणता. मग जन्मतःच दुःखात पडलेल्या जीवाचा दोष कोणता? पशूंनी काय पाप केले? चार दिवसांच्या आयुष्यातल्या मोजक्या पापांसाठी कधीच न संपणारा नरक, हा कुठला न्याय? ज्यांच्या कानांवर ख्रिस्ताचे नावच पडले नाही त्या अगणितांचे काय? कर्मसिद्धान्तात निदान प्रत्येक सुखदुःखाला कारण सापडते. इथे एकावर कृपा होते, दुसऱ्यावर होत नाही, आणि का ते कुणी सांगत नाही. हे आक्षेप आजही जगभरच्या ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांना सतावतात.

त्याच सुमारास काशीच्या बाजारात चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम स्मिथ हिंदुस्तानीत प्रवचने करत. सिगऱ्याला त्यांचे ठाणे होते. गोरे त्यांच्याकडे गेले ते वाद घालून त्यांना गप्प करायला. स्मिथ विद्वत्तेत त्यांच्या बरोबरीचे नव्हते, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. त्यांनी पुस्तके हाती दिली आणि वाचा म्हणाले. गोरे वाचत राहिले, पुन्हा पुन्हा येत राहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले. शत्रूवर प्रीती करा, गुप्तपणे दान करा, मनात आलेला वाईट विचारही पाप समजा, असे सांगणारा तो भाग. तर्काने जे अडले होते ते या नीतीच्या उंचीपुढे हलू लागले. पण या प्रवचनाची दुसरी बाजूही आहे. ते मनापासून वाचणाऱ्याला आपण त्या उंचीला कधीच पोचणार नाही हे कळून चुकते. गोऱ्यांना आपले उणे दिसू लागले ते इथून.

घरात कल्लोळ झाला. वडिलांनी विनवण्या केल्या, नातलगांनी अडवले. काशीत बाप्तिस्मा घेणे अवघड म्हणून ते जौनपूरला गेले, आणि 14 मार्च 1848 रोजी तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाव मिळाले नेहेम्या. स्मिथनी दोनच वर्षांनी, 1850 मध्ये, लंडनला ‘द्विज’ नावाचे पुस्तक काढून ही हकिकत इंग्रज वाचकांपुढे ठेवली. मिशनच्या वाङ्मयात अशा कथांचा साचा ठरलेला असे: अभिमानी ब्राह्मण, वाद, शोध, प्रकाश, बाप्तिस्मा, शेवट. स्मिथ प्रामाणिक होते, यात शंका नाही. पण त्यांनी पुस्तक मिटले तिथे गोऱ्यांची खरी परीक्षा सुरू होत होती.

ख्रिस्ती परंपरेत कृपेच्या कथा दोषी माणसांच्याच आहेत. पेत्राने कोंबडा आरवायच्या आत आपल्या गुरूला तीनदा नाकारले, आणि त्याच्याच हाती मंडळी सोपवली गेली. ख्रिस्ताच्या अनुयायांना पकडायला निघालेला शौल दमास्कसच्या वाटेवर कोसळला आणि पौल झाला. गुलामांची जहाजे चालवणारा जॉन न्यूटन पुढे इंग्लंडात पाद्री झाला, आणि 1788 मध्ये त्या व्यापाराविरुद्ध पत्रक लिहून उभा राहिला. यांतला कुणीही आधी चांगला होऊन मग स्वीकारला गेला नाही. क्रम उलटा आहे: आधी स्वीकार, मग बदल. पौलाच्या पत्रांतून आणि ऑगस्टीनच्या लिखाणातून हाच क्रम सिद्धान्त म्हणून रुजला. आणि बदल एका दिवसात पुरा होतो असे पेत्राबाबतही घडले नाही. अंत्युखियात तो पुन्हा डगमगला, तेव्हा पौलाने त्याला चारचौघांत सुनावले.

गोऱ्यांचा दोष दारू, बाई किंवा लोभ असा कथेत रंगवता येण्याजोगा नव्हता. त्यांचा दोष शंका. ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही.

1854 मध्ये पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग इंग्लंडला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर शिक्षक म्हणून गोरे गेले. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर त्यांना भेटला, आणि त्या भेटीची आठवण त्याने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. काशीचा शास्त्री खोलीत येऊन खिन्न बसून होता. शुभवर्तमानात वाचलेले ख्रिस्ती जीवन प्रत्यक्ष पाहायला तो समुद्र ओलांडून आला होता, आणि लंडनच्या रस्त्यांवर, पैशाच्या आणि मानाच्या धावपळीत, त्याला ते कुठेच दिसले नव्हते. हेच जर ख्रिस्तीपण असेल तर आपण ख्रिस्ती नाही आणि आपल्याला घरी परत जायचे आहे, अशा अर्थाचे तो बोलला. सातएक वर्षांपूर्वी ज्याने बापाचे घर सोडले होते त्याचे हे बोल. विसरता येत नाही असा हा प्रसंग आहे.

तरी ते परतले आणि काम करत राहिले. 1860 मध्ये त्यांचा हिंदीतला ‘षड्दर्शनदर्पण’ आला. सहाही दर्शनांची, विशेषतः वेदान्ताची, चिकित्सा त्यात आहे, आणि तिचे इंग्रजी रूपांतर फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृत पंडिताने 1862 मध्ये प्रसिद्ध केले. ग्रंथ कडक आहे. जिथे सहानुभूतीने वाचायला हवे तिथे गोरे नैयायिकाच्या धारेने कापत जातात, आणि वेदान्त्यांना तो अन्याय वाटला तर नवल नाही. पण पंचवीस वर्षांनी त्यांचा सूर मऊ झाला होता. उतारवयात लिहिताना त्यांनी म्हटले की हिंदू माणसाला देवाने ख्रिस्ती शिकवण घेण्यासाठी आधीच तयार केले आहे. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा ही त्याची घरचीच शिदोरी आहे. ज्या मातीशी त्यांनी आयुष्यभर वाद घातला तिचे ऋण त्यांनी असे मान्य केले.

धर्माच्या आतही ते एका जागी बसले नाहीत. स्मिथ यांच्या पंथात कृपा म्हणजे श्रद्धेने एकदा मिळालेली खात्री. गोऱ्यांना ती खात्री स्वतःबद्दल कधी वाटलीच नाही. म्हणून ते चर्चच्या दुसऱ्या धारेकडे वळले, जिथे कृपा बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन या संस्कारांतून मिळते असे मानतात. माणसाचे मन थरथरत असले तरी संस्कार आपले काम करतो, हा त्यातला दिलासा. 1868 मध्ये ते दीक्षित सेवक आणि 1870 मध्ये धर्मगुरू झाले. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटिश मिशनच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी काम केले, पुढे पुण्यामुंबईत. ऑक्सफर्डजवळच्या कौली इथल्या संन्यस्त संघात 1876 मध्ये ते उमेदवार म्हणून दाखल झाले. अखेरचे व्रत मात्र त्यांनी घेतले नाही. आपण त्याला लायक नाही असे त्यांना वाटत राहिले. लोक त्यांना ‘फादर गोरे’ म्हणत, आणि ते मरेपर्यंत उमेदवारच राहिले.

या वाटेची किंमत घरच्यांनी मोजली, हे लपवून चालणार नाही. पत्नी लक्ष्मीबाई 1853 मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, आधी एका इंग्रज निळीच्या मळेवाल्याच्या घरी आणि मग एका पाद्र्याच्या कुटुंबात इंग्लंडला वाढली. 1880 मध्ये ती हिंदुस्थानात परतली, अमृतसर आणि अलाहाबादला सेविका म्हणून राबली. तिच्या इंग्रजी कवितांचे पुस्तक 1883 मध्ये लंडनला निघाले. त्यांतल्या एका गीताला अमेरिकन संगीतकार जॉर्ज स्टेबिन्स यांनी चाल लावली आणि ते जगभरच्या चर्चमध्ये गायले गेले. बापाला ज्या विसाव्याची आयुष्यभर आस होती, त्याच विसाव्याचे, देवाच्या सान्निध्यातल्या आडोशाचे, ते गीत आहे.

आणि गोऱ्यांच्या शंकेखोर लेखणीने जे माणूस जिंकले ते पंडिता रमाबाई. मिशनऱ्यांच्या गोड बोलण्याला रमाबाई बधणाऱ्या नव्हत्या. त्या संस्कृतात वाढल्या होत्या आणि पुराव्याशिवाय पाऊल उचलत नसत. इंग्लंडला गेल्यावर फादर गोऱ्यांनी लिहून पाठवलेले विवेचन त्यांनी वाचले. आपली बुद्धी पटवण्याचे श्रेय त्यांनी त्यालाच दिले. मन वळले ते मात्र दुसऱ्याच ठिकाणी. लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या मठातल्या भगिनी ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या. अशा बायकांना हाकलण्याऐवजी जवळ का घेता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली: पाच नवरे झालेली, गाव टाळून भर दुपारी विहिरीवर आलेली, आणि जिच्याकडे ख्रिस्ताने पाणी मागितले ती. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तरी आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा होता, असे त्यांनी पुढे लिहिले. तो अनुभव त्यांना आणखी काही वर्षांनी, 1891 च्या आसपास आला, तेही विल्यम हॅस्लम नावाच्या कॉर्नवॉलमधल्या एका पाद्र्याचे आत्मचरित्र वाचताना. हा हॅस्लम धर्मगुरू होऊन बरीच वर्षे गेल्यावर, आपल्याच व्यासपीठावर, स्वतःच्याच प्रवचनाच्या मधोमध बदलला होता. गोऱ्यांना जी खात्री मिळाली नाही ती रमाबाईंना मिळाली. केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी जे घर उघडले त्याचे नाव त्यांनी कृपासदन ठेवले.

29 ऑक्टोबर 1895 रोजी फादर गोरे मुंबईत वारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेल्याचे सांगितले आणि मराठी ख्रिस्ती कवितेला घर दिले, म्हणून ते आपल्या पाठ्यपुस्तकांत आले. गोऱ्यांनी लिहिले संस्कृत, हिंदी, इंग्रजीत. शिवाय ते वाढले काशीत. मराठीने त्यांना परके मानले. आणि ज्यांनी त्यांची दखल घेतली त्यांनी एकेकच अर्धा उचलला: कुणी स्वधर्म सोडणारा म्हणून, कुणी मिशनचे यश म्हणून. वयाच्या विसाव्या वर्षी ख्रिस्ती मताचे सर्वांत पल्लेदार खंडन लिहिणारा आणि पस्तिसाव्या वर्षी दर्शनांचे खंडन लिहिणारा हा एकच माणूस होता, आणि दोन्ही वेळा तो मनापासून बोलत होता.

काशीच्या मराठी वस्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गागाभट्ट आणि राणी लक्ष्मीबाईंच्या रांगेत हे नाव घालावे. आणि एखाद्या विद्यापीठाने किंवा प्रकाशकाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ आणि ‘षड्दर्शनदर्पण’ शेजारी शेजारी, मराठी भाषांतर आणि टिपांसह, एका खंडात छापावेत. ते काम आता हाती घेतले पाहिजे.