पेणचे मूर्तिकार : मोठ्यांनी छोट्यांना हात द्यावा

गणेशमूर्ती म्हटली की पेणचे नाव ओघाने येतेच. रायगड जिल्ह्यातील या गावात शंभर वर्षांहून अधिक काळ ही कला रुजली असून हमरापूर, जोहे आदी गावांतही घरोघरी मूर्ती घडतात. त्यांना परदेशांतूनही मागणी असते. तथापि या व्यवसायाची मदार केवळ नामवंत कारखान्यांवर नाही. घराच्या पडवीत साचा घेऊन बसणाऱ्या छोट्या कारागिरांवरही ती तेवढीच आहे.

छोट्या मूर्तिकाराचा खर्च वर्षभर चालतो, उत्पन्न मात्र भाद्रपदाच्या तोंडावर हाती येते. मधला काळ कर्जावर निघतो. त्यातच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मज्जाव केला. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी निर्मितीस मुभा दिली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर निर्बंध ठेवले. शाडूकडे वळावे तर ही माती जड, वाळण्यास वेळ घेणारी आणि वाहतुकीत तडकणारी. ती प्रामुख्याने गुजरातमधून येते. ट्रकभर माती एकदम घेण्याची ऐपत छोट्या कारागिराकडे नसते.

अशा वेळी प्रस्थापितांनी काय करावे, याचा एक धडा अमेरिकेतील बिअर व्यवसायातून मिळतो. २००८ मध्ये तेथे 'हॉप्स' या कच्च्या मालाची तीव्र टंचाई झाली. तेव्हा 'बोस्टन बिअर' या नावाजलेल्या कंपनीने आपल्या साठ्यातील २० हजार पौंड हॉप्स छोट्या उत्पादकांना खरेदीच्या भावात देऊ केले. त्याच वर्षी तिने लघुउद्योजकांना अल्प कर्ज आणि व्यावसायिक सल्ला देणारा उपक्रमही सुरू केला. ज्यांना स्पर्धक म्हणावे, त्यांनाच तिने तगवले.

पेणमध्येही हे अशक्य नाही. मोठ्या कारखानदारांनी माती एकत्रित मागवून ती मूळ भावात वाटावी. पावसाळ्यापूर्वी आपल्या शेडमधील रिकामी जागा मूर्ती वाळवण्यासाठी द्यावी. डोळ्यांच्या आखणीसारखे कसबी काम नवोदितांना शिकवावे. कच्च्या मूर्ती विकत घेताना निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. उरलेली रक्कम वेळेवर देणे हा तर उपकार नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात; विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कंपन्यांनाही येथे वाव आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यासाठी खर्च करावे लागतात आणि पारंपरिक कला व हस्तकलांचे संवर्धन त्यात बसते. सामाईक शेड उभारण्यास हा निधी उपयोगी पडेल. शिवाय १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत कुंभार व मूर्तिकार यांचा समावेश असून, पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. अर्ज भरण्यास जाणत्यांनी मदत केली तरी पुष्कळ होईल.

छोटे हात थांबले, तर मोठ्या कारखान्यांनाही कच्च्या मूर्ती मिळणार नाहीत. पेणचे नाव टिकवायचे तर आधी ही पडवी टिकली पाहिजे.